बाईंच्या बॅटरीचा उजेड

आज ताई, धाकटा भाऊ आणि मी, असे तिघेही पुष्कळ वर्षांनी गावातल्या आमच्या शाळेत एकत्र गेलो. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली काले येथे स्थापन केलेल्या रयत शिक्षण संस्थेची ही शाखा. वटवृक्षाचे बोधचिन्ह दिसताच ताई फाटकातच थांबली. दहावीच्या वर्षी रात्र अभ्यासिकेला बसणाऱ्या मुलींना बाई स्वतः घरापर्यंत सोडत असत, म्हणूनच वडिलांनी तिला पाठवले. आज ती परिचारिका आहे, आणि त्याचे श्रेय मी बाईंच्या बॅटरीच्या त्या उजेडाला निःसंकोच देतो.

तिची पुस्तके, समासातल्या पेन्सिलीच्या खुणांसह, पुढे मला मिळाली आणि माझ्याकडून भावाला. त्याचे मन मात्र पुस्तकांत रमत नसे. तरीही 'हिचा भाऊ असून असा कसा?' असे त्याला कुणीही ऐकवले नाही, उलट प्रयोगशाळेतल्या मामांनी बंद पडलेली विजेची घंटा त्याच्यापुढे ठेवून ती खोलायला सांगितले. तो आता वायरमन आहे.

आजही वर्गातला बंद पंखा पाहून तो कुणी सांगण्याआधीच टेबलावर चढला, आणि निवृत्त झालेले मामा खाली टेबल धरून उभे राहिले.