तुम्ही विचारलंत म्हणून: पैसे देऊन जुन्या घरात राहायला कशाला जाता?

आम्ही अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या एडिसनला राहतो. भारतातून कोणी आलं आणि केप मेचं नाव निघालं की हा प्रश्न ठरलेलाच. परवा मावशीनेही विचारलं, "अगं, लिफ्ट नाही, जिना करकरतो आणि वर मोटेलपेक्षा जास्त पैसे?" तर मावशी, ऐक आता.

केप मे म्हणजे न्यू जर्सीचं अगदी दक्षिणेकडचं टोक, पार्कवे नावाच्या हायवेवर आमच्याकडचे एक्झिट १३० च्या आसपास, ते आकडे उतरत उतरत शून्यावर आले की केप मे. तिथलं मेनस्टे इन १८७२ साली बांधलं, आणि कशासाठी तर जुगारासाठी! पैसेवाल्या बाप्यांचा क्लब. आर्किटेक्ट स्टीफन डेकॅटर बटन. छत चौदा फूट उंच, खिडक्या लांबलचक, समोर ऐसपैस व्हरांडा, आणि छपरावर खिडक्यांचा छोटा मनोरा, त्याला क्युपोला म्हणतात. मला आधी वाटायचं नुसती शोभा आहे, पण एसी नव्हते तेव्हा खालची गरम हवा वर चढून अशा मनोऱ्यातून बाहेर पडायची. सोलापूरला आजीच्या माळवदाला, म्हणजे मातीच्या सपाट छताला, सवणं होतं ना, हवा-उजेडाचं भोक, तसंच काहीसं.

अशा घरांना व्हिक्टोरियन म्हणतात. व्हिक्टोरिया राणीचं इथे राज्य नव्हतं, तरी नाव तिचंच चिकटलंय, असो.

खरी गंमत ही घरं टिकली कशी यात आहे. फिलाडेल्फियाचे लोक उन्हाळ्यात इथे यायचे, मोठाली लाकडी हॉटेलं होती. नोव्हेंबर १८७८ मध्ये आग लागली आणि सुमारे ३५ एकर गाव जळालं. मेनस्टे वाचलं. गाव परत उभं राहिलं, पण तोवर याच किनाऱ्यावरच्या अटलांटिक सिटी या गावाने गिऱ्हाईक पळवलं होतं, मग जुनं पाडून नवं बांधायला पैसा कुणाकडे? माझं तर सरळ मत आहे, गावाच्या कडकीनेच ही घरं वाचवली. १९६२ च्या वादळानंतर सरकारी पैसा आला तेव्हा पाडापाडीची भाषा सुरू झाली, फिजिक इस्टेट नावाचं १८७९ चं अठरा खोल्यांचं घर तर जायचंच होतं, गावकऱ्यांनी १९७० मध्ये संस्था काढून ते अडवलं. १९७६ ला अख्खं गाव राष्ट्रीय वारसा झालं. मेनस्टेसुद्धा सत्तरच्या दशकातच दुरुस्त होऊन बेड अँड ब्रेकफास्ट, म्हणजे खोली आणि सकाळचा नाश्ता देणारं घर, झालं. खोल्या भाड्याने दिल्या म्हणून रंगाचा खर्च तरी निघतो, नाहीतर समुद्राच्या खाऱ्या हवेत लाकडी घर पोसणं म्हणजे हत्ती पोसणं.

मागच्या खेपेला शेजारच्या गल्लीत एक कामगार शिडीवर चढून जुना रंग खरवडत होता. खाली पडलेला एक पोपडा मी उचलला, चांगला जाड, कडेने बघितलं तर पांढरा, परत पांढरा, मग मळकट हिरवा, आणि अगदी तळाशी चॉकलेटी. तो अजून माझ्या पर्समध्ये आहे, नवरा हसतो.

आजीचं घर पाडलं तेव्हा आम्हाला फोनवरच कळलं. फोटोसुद्धा धड नाही एक.

तर मावशी, सप्टेंबरात ये, गर्दी ओसरते, रेटही उतरतात. जिना मात्र करकरणारच, रात्री पाणी प्यायला उठलीस तर अख्ख्या घराला कळेल.