ओली गादी

अमळनेरच्या बाजूची केस. लॅब्रेडॉर राणी, वय पाच, वजन ३२ किलो. मालकाची तक्रार, "आळशी झाली, पडल्या जागी मुतते." महिनाभर तिला गोठ्यात बांधलेली. आधीच्या डॉक्टरनं अँटिबायोटिकचे तीन कोर्स दिलेले, एकदाही लघवी न तपासता. आमच्यात ही खोड जुनीच.

"नसबंदी कोणी केली?"

"तुम्हीच तं केली, डॉक्टरसाहेब. अडीच वर्षं झाली."

पोटातून सुई घालून थेट मूत्राशयातली लघवी घेतली. फरशीवरची उचलली तर जंतू निघणारच, मग चौथा कोर्स. गुरुत्व १.०३८, म्हणजे लघवी पाण्यासारखी पातळ नाही; साखर नाही, पूपेशी नाहीत. जंतू वाढवून बघायचं कल्चरही पुढे निरंक आलं. सोनोग्राफी साफ. मग तिला टेबलाखाली झोपू दिलं आणि दोन म्हशींच्या फाइली उरकल्या. उठली तेव्हा खाली थाळीएवढं ओलं. ती ते हुंगत होती, दुसऱ्याच कुणाचं असल्यासारखं.

नसबंदीत अंडाशय गेलं की इस्ट्रोजेन, मादीचं संप्रेरक, जातं. मूत्रमार्ग आवळून धरणारे स्नायू मग नसांच्या इशाऱ्याला पूर्वीसारखी दाद देत नाहीत. हळूहळू तिथला स्नायूच कमी होतो, कोलॅजनचे तंतू वाढतात. जागेपणी निभावतं, झोपेत सैल पडलं की गळतं. वीस किलोवरच्या कुत्रींत हे जास्त. सगळ्याच गळत नाहीत, पण ज्या गळतात त्यांना ते कळतही नाही. मार मात्र बसतो.

हे सांगत असताना मालकाची आई कोपऱ्यात बसली होती. "बायांचं पाळी गेल्यावर होतं, तसंच थोडंफार," असं मी बोलून गेलो. तिनं पदर तोंडाशी नेला. "मालेबी व्हस," हळूच म्हणाली. मुलगा खिडकीबाहेर बघू लागला.

नसबंदीच्या वेळी मी टाके, गळपट्टा, वाढणारं वजन, सगळं सांगितलं होतं. हे नाही. नसबंदी न केलेल्यांची पू भरलेली गर्भाशयं इतकी काढलीत की आजही नसबंदीच कर म्हणेन. तरी तो महिना गोठ्यातला माझ्याच खाती.

एस्ट्रिऑल, इस्ट्रोजेनच्याच जातीची गोळी, माणसांच्या मेडिकलमधून आणवली, रोज २ मिलिग्रॅमनं सुरुवात, मग उतरती. दुकानदारानं पेशंटबाईंचं वय विचारलं. मालक म्हणाला, पाच.

दहाव्या दिवशी त्याचा फोन आला. गादी कोरडी, राणी घरात. आईंना कुणा डॉक्टरला दाखवलंत का, हे ओठावर आलं होतं. तेवढ्यात तो केळीच्या भावावर बोलू लागला, आणि मीही.