पाटी नुसती निमित्त होती

१४ जानेवारीला, नामविस्तार दिनाला, डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या गेटचा फोटो स्टेटसला ठेवला तर ऑफिसातल्या एकाचा लगेच मेसेज, अरे नावात काय ठेवलंय, एका पाटीसाठी सोळा वर्षं भांडलात, आणि आता जात राहिलीय कुठं. उत्तर टाईप केलं, खोडलं, परत केलं. शेवटी म्हटलं इथंच नीट लिहू.

आमच्या घरात एक पत्र्याची पेटी आहे. एका बाजूनं जळून काळी पडलेली, झाकण वाकडं, कडी लागत नाही म्हणून आजी सुतळीनं बांधून ठेवते. त्यात मोठ्या काकांची पुस्तकं होती, काका तेव्हा औरंगाबादला मिलिंद कॉलेजात स्कॉलरशिपवर शिकत होते. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळात मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव झाला आणि थोड्याच दिवसांत आमच्या वस्तीवर जमाव आला. आजी पोरांना घेऊन ओढ्याकाठी बाभळीखाली रात्रभर पावसात बसली. सकाळी येऊन बघते तर भांडीकुंडी विहिरीत, गायरानावरचं पीक मोडून टाकलेलं आणि पेटी अंगणात ओढून आणून पेटवलेली. पुस्तकं त्यांनी मुद्दाम जाळली, असं आजी आजही म्हणते, आणि मला तेच खरं वाटतं.

कारण राग पाटीचा नव्हताच हो. जमाव आला त्यातल्या बऱ्याच जणांनी विद्यापीठ डोळ्यानं पाहिलेलं नव्हतं. राग होता तो मेलेली ढोरं ओढायला आता कुणी येत नाही याचा, निरोप घेऊन गावोगाव पळायला माणूस मिळत नाही याचा, आणि कालपर्यंत लांब उभं राहणाऱ्याचा पोरगा पॅन्ट-शर्ट घालून एसटीतून उतरतो याचा. मराठवाड्यात गावंच्या गावं अशी पेटली, टेंभुर्णीत पोचिराम कांबळेंचा जीव घेतला, आणि सरकारनं काय केलं तर ठरावाची अंमलबजावणी थांबवली. मारणाऱ्यांचं ऐकलं. पुढं नामांतरासाठी लाँग मार्च निघाला, लाठ्या झाल्या, गोळीबार झाला, १९९३ ला नांदेडात गौतम वाघमारेंनी स्वतःला पेटवून घेतलं, तेव्हा कुठं १४ जानेवारी १९९४ ला नाव लागलं, तेही नामांतर नाही, नामविस्तार, म्हणजे ‘मराठवाडा’ तसंच ठेवून.

आजही तेच चालतं. कुणी ॲट्रॉसिटीची केस केली की आधी ती खोटीच असणार असं ठरवून टाकायचं, पोराला ॲडमिशन मिळाली की मार्क विचारायचे. कुणी पुढं सरकलं रे सरकलं की लोकांना एकदम समता आठवते.

काकांच्या डिग्रीवर नुसतं मराठवाडा विद्यापीठ आहे. माझं एम.ए.चं सर्टिफिकेट आलं तेव्हा त्यांनी चष्मा पुसून वरची ओळ दोनदा वाचली, मग आजीला मोठ्यानं वाचून दाखवली. आजीनं पेटीची सुतळी सोडली आणि म्हणाली, ठेव इथं.