खोकला आधी ऐकायचा, मग आलं किसायचं

सर्दीनंतर मागे राहणारा खोकला सरासरी अडीच आठवडे चालतो. आपली अपेक्षा असते आठवडाभराची. म्हणून आठव्या दिवसापासून औषधं बदलायला सुरुवात होते आणि अठराव्या दिवशी जे चालू असेल त्याला श्रेय मिळतं. मग ते अँटिबायोटिक असो, शेजारच्या काकूंचा काढा असो की पांढऱ्या गोड गोळ्या.

इतके दिवस का लागतात? विषाणू श्वासनळीचं आतलं अस्तर सोलून काढतो. खालची मज्जातंतूंची टोकं उघडी पडतात आणि पंख्याचा वारा, फोडणीचा धूर, फोनवर दहा मिनिटं बोलणं, कशानेही चाळवतात. अस्तर भरून येईपर्यंत हे चालणारच. घरगुती उपाय ही भरपाई लवकर करत नाहीत. ते त्या टोकांवर मऊ लेप देतात आणि रात्रीची झोप वाचवतात. एवढं मिळालं तरी पुष्कळ.

कोरडा, घशात पीस फिरवल्यासारखा खोकला असेल तर लेप हवा. छातीत घरघर आणि कफ असेल तर खोकला दाबायचा नाही. कफ पातळ ठेवायचा, म्हणजे गरम पेज, सूप, साधं कोमट पाणी दिवसभर. कफ पिवळा-हिरवा झाला म्हणून अँटिबायोटिक मागू नका. तो रंग आपल्याच पांढऱ्या पेशींमधल्या एन्झाइमचा असतो, साध्या विषाणूच्या सर्दीतही येतो.

लेपांमध्ये मधाला पुरावा सगळ्यात चांगला आहे. झोपण्याआधी अर्धा तास नुसता चाटायचा: पाच वर्षांपर्यंतच्या मुलाला अर्धा छोटा चमचा, सहा ते अकरा वर्षांना एक, त्यापुढे दोन. मग दात घासून झोपायचं. एक वर्षाखालच्या बाळाला मात्र बोटभरही नाही, बाळगुटी उगाळतानाही नाही. मधात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनमचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांच्या आतड्यात ते काही करत नाहीत, तान्ह्याच्या आतड्यात रुजून विष तयार करतात आणि बाळ लुळं पडतं. उकळून बीजाणू मरत नाहीत, त्यामुळे ‘काढ्यातून दिला’ ही पळवाट नाही.

अडुळसा बऱ्याच कुंपणांना असतो, पण त्याचा रस निघत नाही म्हणून लोक कंटाळतात. कच्चं पान वाटलं की नुसता चोथा होतो. पाच-सहा जून पानं धुऊन मोदकासारखी वाफवायची, मऊ पडून काळपट झाली की गरम असतानाच ठेचायची आणि पातळ फडक्यातून पिळायची. जेमतेम चमचा-दोन चमचे रस येतो. मोठ्यांनी एक चमचा रस तेवढ्याच मधातून घ्यावा. कडू असतोच. यातल्या व्हॅसिसिन या घटकावरूनच ब्रोमहेक्सिन हे कफ पातळ करणारं औषध तयार झालं, म्हणून अडुळसा कफाच्या खोकल्याला. कोरड्या ठसक्याला त्याची ओढाताण कशाला? गरोदरपणात अडुळसा टाळायचा, तो गर्भाशयाचं आकुंचन वाढवू शकतो.

खोकल्यावरच्या सितोपलादि या आयुर्वेदिक चूर्णाचं प्रमाण पाठ करायला सोपं आहे: खडीसाखर १६ भाग, वंशलोचन (बांबूच्या पेरातला पांढरा खडा) ८, पिंपळी ४, वेलदोडा २, दालचिनी १. म्हणजे निम्म्याहून जास्त साखर. मधुमेह्यांनी ‘आयुर्वेदिक आहे’ म्हणून चमचे भरू नयेत. कोरडं चूर्ण जिभेवर टाकलं की श्वासाबरोबर आत जाऊन आणखी ठसका लागतो. पाव चमचा मधात कालवून सावकाश चाटायचं. ज्येष्ठमधाची काडी चघळायला छान, पण ब्लड प्रेशरची गोळी चालू असेल तर नको. ती रोज चघळली तर रक्तदाब वाढतो, पोटॅशियम उतरतं.

काढा बिघडतो तो उत्साहाने. दोन कप पाण्यात पेरभर आलं, सात-आठ तुळशीची पानं, गवती चहाची दोन पाती, दोन मिरे, एवढंच; मंद आचेवर एक कप उरेपर्यंत. मिरे आठ आणि लवंगा पाच घातल्या की पोटात आग पडते, आम्ल वर येतं, आणि आडवं झाल्यावर तेच आम्ल घशाला लागून खोकला वाढतो. लोक मग काढ्याची मात्रा दुप्पट करतात.

वाफ घेतल्याने नाक मोकळं वाटतं, खोकल्यावर उपयोग बेताचाच. लहान मुलांना उकळत्या पातेल्यावर बसवणं बंद करा. पातेलं लवंडून भाजलेली मुलं हा खोकल्यापेक्षा मोठा आजार आहे.

आता होमिओपॅथी. तिथली प्रत्येक औषधाशी जोडलेली खोकल्याची वर्णनं मन लावून केलेली आहेत. ब्रायोनिया: कोरडा, हललं की वाढणारा, रोगी छाती हाताने धरून खोकतो. रुमेक्स: गळ्याच्या खळगीत गुदगुल्या, थंड हवेने वाढ, तोंडावर पांघरूण ओढून घेतो. ड्रोसेरा: मध्यरात्रीनंतर एकामागून एक उबळी, शेवटी उलटी. स्पंजिया: करवतीने फळी कापल्यासारखा, भुंकल्यासारखा. अँटिम टार्ट: छातीत कफ खळखळतोय पण सुटत नाही.

हे ऐकणं शिकण्यासारखं आहे, गोळीबद्दल मात्र माझं मत वेगळं. गोळीच्या बाटलीवरचं ‘३० सी’ म्हणजे एकास शंभर असं तीस वेळा पातळ केलेलं. बाराव्या पायरीच्या पुढे मूळ पदार्थाचा एक रेणूही उरण्याची शक्यता जवळजवळ संपते. २०१५ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय आरोग्य व वैद्यकीय संशोधन परिषदेने उपलब्ध अभ्यास तपासले आणि होमिओपॅथी परिणामकारक असल्याचा भरवशाचा पुरावा एकाही आजारासाठी सापडला नाही. रेंगाळलेल्या सर्दीच्या खोकल्यात कुणाला गोळ्या घ्यायच्या असतील तर नुकसान फारसं नाही. धोका वेगळा आहे: ड्रोसेराचं वर्णन हेच डांग्या खोकल्याचं वर्णन, स्पंजियाचं क्रूपचं (लहान मुलांचा घसा आतून सुजून श्वास अडवणारा आजार), अँटिम टार्टचं कित्येकदा न्यूमोनियाचं. चित्र जितकं हुबेहूब जुळतं, तितकं मूल गोळीपेक्षा डॉक्टरकडे लवकर जायला हवं. श्वास आत घेताना आवाज येत असेल तर त्याच रात्री.

दुकानातलं सिरप हा त्याहून सुरक्षित मार्ग नाही. २०२५ मध्ये मध्य प्रदेशात छिंदवाड्याला डायइथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन मिसळलेल्या सिरपने मुलं दगावली. त्यानंतर केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने दोन वर्षांखालच्या मुलांना खोकल्याचं सिरप देऊ नये आणि पाच वर्षांखाली ते सहसा टाळावं, असं पुन्हा बजावलं.

मुलाचा श्वास मोजता यायला हवा. मूल शांत किंवा झोपलेलं असताना शर्ट वर करून घड्याळात पूर्ण एक मिनिट पोटाची हालचाल मोजायची. पंधरा सेकंद मोजून चारने गुणलं की चुकतं, कारण बाळांचा श्वास एकसारखा नसतो. दोन महिन्यांखाली ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष ५०, एक ते पाच वर्षं ४०, किंवा बरगड्यांखालचा भाग श्वासागणिक आत ओढला जात असेल, तर काढा राहू द्या, दवाखान्यात न्या.

मोठ्यांमध्ये एक कारण हटकून नजरेतून सुटतं. रॅमिप्रिल, एनॅलाप्रिल यांसारख्या ब्लड प्रेशरच्या गोळ्यांनी काहींना कोरडा खोकला लागतो आणि त्यावर जगातला कुठलाही काढा चालत नाही. गोळी मनाने बंद करू नका, डॉक्टरांकडून बदलून घ्या. खोकला थांबायला तरी एक ते चार आठवडे जातात.

अडीच आठवडे म्हटलं खरं, पण आपल्या देशात रेघ दोन आठवड्यांवर आहे: त्यापुढे खोकला गेला, किंवा आधीच संध्याकाळचा ताप, वजन उतरणं, कफात रक्त दिसलं, तर टीबीसाठी थुंकी तपासायची. सरकारी दवाखान्यात फुकट होते. नमुना सकाळी उठल्याबरोबरचा, साध्या पाण्याने चूळ भरून, दोन-तीन खोल श्वास घेऊन छातीतून काढलेला हवा. डबीत नुसती लाळ गेली तर तपासणी वाया जाते.