टेबल फॅनचं निकेल, महिना तिसरा: चोर सापडला

जुन्या बाजारातून आणलेल्या टेबल फॅनचे बारा स्क्रू मागच्या खेपेला निकेल करून, म्हणजे द्रावणात बुडवून विजेने निकेलचा मुलामा देऊन, बसवले, आणि पहिल्याच पावसात आट्यांच्या तोंडाशी तांबूस गंज दिसला. मुलामा सुटला नव्हता, पापुद्रा नव्हता. थरच कमी पडला होता.

मला वाटलं सफाई कमी पडली. म्हणून सोड्यात उकळणं, पातळ हायड्रोक्लोरिक अॅसिडची बुडी, धुतल्यावर पाण्याचा पडदा कुठे फाटतोय का (फाटला तर तेलकटपणा उरलाय) ते बघणं, सगळं दोनदा केलं. पडदा अखंड होता. द्रावणही नेहमीचंच, अमेरिकन रसायन-अभियंते वॉट्स यांनी १९१६ मध्ये मांडलेल्या जातीचं: लिटरला निकेल सल्फेट २५० ग्रॅम, निकेल क्लोराईड ४५, बोरिक अॅसिड ३५. पीएच ४ च्या आसपास, ऊब ५० अंश. तिथे खोट नव्हती.

मग वजनकाटा काढला. सोनाराकडे असतो तसला, ०.०१ ग्रॅम दाखवणारा. माझा हिशेब असा होता: एक स्क्रू आट्यांसकट सुमारे ३ चौ. सेंमी, बारांचे ३६. दर चौरस डेसीमीटरला २ अँपिअर, म्हणून करंट ०.७२ अँपिअर, वेळ २५ मिनिटं. एक अँपिअर-तासाला निकेल बसतं १.०९५ ग्रॅम, तेव्हा अपेक्षा साधारण ०.३३ ग्रॅमची, म्हणजे १० मायक्रॉन. स्क्रूंवर चढलं होतं ०.१५.

अर्धं निकेल गेलं कुठे? ज्या तारांना स्क्रू टांगले होते त्या तारा सहज काट्यावर टाकल्या. सगळ्या मिळून ०.१६ ने जड! प्रत्येक स्क्रूला वेगळी, १ मिमी जाडीची तांब्याची तार, १० सेंमी द्रावणात बुडालेली. तिचं क्षेत्रफळ ३.१४ चौ. सेंमी. स्क्रूपेक्षा तारच मोठी! तीन महिने मी तांब्याच्या तारांना निकेल करत होतो, स्क्रू आपले सोबतीला.

उपाय अगदी स्वस्त. तारेवर हीट श्रिंकची, म्हणजे गरम केली की आवळून बसणारी प्लॅस्टिकची, नळी चढवली, फक्त स्क्रूला वेढा देणारं टोक उघडं ठेवलं. पुढच्या घाण्याला स्क्रूंवर ०.३० ग्रॅम. वेढ्याखाली मात्र एक फिका डाग राहतो, म्हणून अर्ध्या वेळेला स्क्रू काढून वेढा सरकवतो. पन्नास-शंभर नग असते तर छिद्रांचा डबा फिरवत केलं असतं. बारासाठी तो खटाटोप नको.

आता पंख्याच्या जाळीचे आकडे, म्हणजे हुक. सहा नग, २ मिमी तारेचे, एसच्या आकाराचे. यांनी वेगळाच त्रास दिला. टोकं काळपट आणि खरखरीत, तव्याच्या कडेला करपलेल्या धिरड्यासारखी, आणि वळणाच्या आतल्या बाजूला निकेल जेमतेम. करंट टोकांकडेच धावतो, खोबणीत शिरायला कुरकुरतो. करंट कमी करून पाहिला, तर टोकं सुधारली पण वळणं आणखी उपाशी.

तेव्हा तोच चोर कामाला लावला. उघड्या तांब्याच्या तारेचं कडं केलं, टोकांपासून बोटभर अंतरावर, आकडे विजेच्या ज्या (ऋण) टोकाला आहेत त्यालाच जोडलेलं. टोकांवरचा जास्तीचा करंट आता कडं खातं. फक्त त्याचं क्षेत्रफळ हिशेबात धरावं लागतं: आकड्यांचे ०.९ अँपिअर, ४० सेंमी कड्याचे ०.२५, एकूण १.१५. टोकं गुळगुळीत आली. आतलं वळण अजून थोडं मंद आहे, पण ते जाळीच्या मागे जातं.

नव्यांसाठी दोन गोष्टी. ॲनोड, म्हणजे विजेच्या धन टोकाला लावून द्रावणात सोडायचा धातू, निकेलचाच घ्या. स्टीलचा चमचा लावला तर त्यातलं क्रोमियम विषारी रूपात द्रावणात उतरू शकतं. आणि निकेलचे क्षार अंगाला लावून घेऊ नका, खाज एकदा जडली की घड्याळाचा पट्टासुद्धा सोसत नाही. हातमोजे हवेत, स्वयंपाकघर नको, धुण्याचं पाणी मोरीत नको. मी ते वेगळ्या कॅनमध्ये साठवतो.

जाळी माझ्या टबात मावत नाही. ती घेऊन औद्योगिक वसाहतीतल्या एका प्लेटिंगवाल्याकडे गेलो. त्याने आकडे नखाने खरवडून पाहिले आणि म्हणाला, ‘हे तुम्ही घरी केलं? बरं. जाळी आधी बफ मारून आणा, मग बोलू.’