उत्तर काढायचं नाही

मे महिन्यातली दुपार, वीज गेलेली. भाचीने वही माझ्यापुढे सरकवली आणि वर बजावलं, "मावशी, ह्यात उत्तर काढायचं नसतं हं." तिची व्यवस्थापनाच्या प्रवेशपरीक्षेची तयारी चाललीय. ह्या प्रकाराला डेटा सफिशियन्सी म्हणतात. एक दोन अंकी संख्या कोणती, असा प्रश्न. खाली दोन विधानं. अंकांची बेरीज ९. अंकांची अदलाबदल केली की संख्या २७ ने कमी होते. आपण फक्त सांगायचं, कुठलं विधान एकटं पुरेल, दोन्ही मिळून पुरतील, की मिळूनही नाही पुरणार.

बेरीज ९ म्हटलं की १८ पासून ९० पर्यंत रांगच लागते. २७ ने कमी म्हणजे दोन अंकांत फरक ३. तिथे ३०, ४१, ५२ वगैरे मंडळी हजर. दोन्ही मिळून पुरतं, खूण करा आणि पुढे चला. पण मला कुठलं चालवतंय! मी ६३ लिहिलं आणि खाली दोन रेघा ओढल्या. भाचीने मुकाट्याने घड्याळ दाखवलं. आमच्या शाळेत रेघा नसल्या तर अर्धा गुण जायचा, हे तिला सांगून काय उपयोग?

ह्या गणितांची खरी लबाडी पुढेच आहे. दोन अज्ञात, समीकरण एकच, म्हणून पोरं बेधडक 'पुरत नाही' म्हणतात. उंडा, म्हणजे आमच्या गोव्यातला गोल पाव, पाच रुपयांना धरा, पोळी, तीही पावच, सातला. पोदेराचे, म्हणजे पाववाल्याचे, ३१ रुपये झाले. उंडे किती, पोळ्या किती? दोन उंडे, तीन पोळ्या. दुसरी जुळणीच नाही. पोदेर अर्धा उंडा विकत नाही हे कुणी विधान म्हणून लिहीत नाही, आणि सगळं त्याच्यावरच उभं असतं.

मला आकड्यांची ही खोड काकाने लावली. रायबंदरच्या धक्क्यावर चोडणच्या फेरीबोटीची वाट बघताना तो स्कूटरच्या पुढ्यात मला उभी करायचा आणि समोरच्या गाडीच्या नंबरावर बोट ठेवायचा. "सांग पळोवया!" चार आकडे उतरत्या क्रमाने लावायचे, त्यातून चढते वजा करायचे, आलेल्याचं पुन्हा तेच. ३५२४ चे ३०८७, मग ८३५२, मग ६१७४. तिथे पोचलं की हलायचंच नाही. देवळालीच्या शाळेतल्या द. रा. कापरेकर मास्तरांनी १९४९ साली शोधलेली ही गंमत. चारही आकडे सारखे नसले म्हणजे झालं, फार तर सात वजाबाक्यांत तिथेच यायचं. म्हणजे शेवट कुठे, हे विचारलं तर एकही विधान नको! अजूनही सिग्नलला माझं हे चालूच असतं; मागून हॉर्न वाजतात.

फेरीत बसल्यावर म्हाताऱ्या बायकांचा वेगळाच पेपर सुरू व्हायचा. "कोणाचें गो तूं?" आडनाव सांगितलं तर पुरायचं नाही. गाव सांगितलं तरी नाही. दोन्ही सांगितली आणि कुळदेव जोडला की त्या एकमेकींकडे बघून मान डोलवायच्या, आणि मग माझ्या आजीचं माहेरसुद्धा त्याच मला सांगायच्या.

धाकट्या आत्याचं लग्न असंच ठरलं. घरात कुणी जास्त चौकशी केली नाही. गाव ठाऊक, कुळदेव ठाऊक, झालं. मुलगा कसा आहे, हे कुणी बघितलं नाही. आत्याला तर कुणी विचारलंच नाही. ती वर्षभरात परत आली आणि परत गेली नाही. आम्हा सगळ्या भावंडांचे पाढे तिनेच घोकून घेतले, अगदी एकोणतिसापर्यंत.