एचडब्ल्यूसिम: पिंगला उत्तर आलं, पण हवेतून काहीच गेलं नव्हतं

दोन सिम्युलेटेड (सॉफ्टवेअरने भासवलेल्या) वायफाय रेडिओंमध्ये पिंगला, म्हणजे 'पलीकडे कोणी आहे का' विचारणाऱ्या पॅकेटला, उत्तर आलं म्हणून जोडणी झाली असं धरून चालू नका. त्या एका समजुतीपायी माझे दोन दिवस गेले. मॉड्यूल चढवा, ॲक्सेस पॉइंट सुरू करा, पिंग करा, एवढ्यावरच बहुतेक सूचना थांबतात. त्यांनी गाळलेल्या पायरीसाठीच हे लिहितोय.

काम रत्नागिरीतलं. मिरकरवाडा जेटीवरून बोट निघाली की तिच्यावरचं वायफाय कार्ड सिग्नल तुटल्याचं वेळेत ओळखतं का, आणि परत आल्यावर आपण होऊन जोडलं जातं का, हे तपासायचं होतं. पावसाळी बंदीत बोटी शाकारून ठेवलेल्या, आणि खाऱ्या हवेत यूएसबी डोंगलच्या पिना हिरव्या पडलेल्या. रोज शंभर वेळा तीच चाचणी घ्यायची तर ती सॉफ्टवेअरमध्येच घ्यायला हवी.

त्यासाठी लिनक्स कर्नलमध्ये (सिस्टिमच्या गाभ्यात) मॅक८०२११_एचडब्ल्यूसिम हे खोटे वायफाय रेडिओ तयार करणारं मॉड्यूल आहे. होस्टएपीडी (ॲक्सेस पॉइंट चालवणारा प्रोग्राम) आणि डब्ल्यूपीए सप्लिकंट (त्या पॉइंटला जोडून घेणारा प्रोग्राम) लिहिणाऱ्या यौनी मालिनेन यांनीच ते २००८ मध्ये लिहिलं. मॉडप्रोबने मॉड्यूल चढवताना 'रेडिओज=२' दिलं की डब्ल्यूलॅन० आणि डब्ल्यूलॅन१ तयार होतात. त्यांचे हार्डवेअर पत्ते ०२:००:००:००:००:०० आणि ०२:००:००:००:०१:०० असे असतात. सोबत एचडब्ल्यूसिम० नावाचा तिसरा इंटरफेसही येतो. तो बंद अवस्थेत येतो, आणि बरेच जण त्याच्याकडे बघतही नाहीत. मात्र सगळ्या रेडिओंच्या सगळ्या फ्रेम (हवेतून जाणारी पॅकेटं) तिथेच दिसतात, म्हणून आधी तो अप करा आणि त्यावर टीसीपीडंप हा पॅकेटं दाखवणारा प्रोग्राम लावून ठेवा. मॉड्यूल सापडत नाही असं उत्तर आलं तर उबुंटूवर आपल्या कर्नलचं 'लिनक्स-मॉड्यूल्स-एक्स्ट्रा' पॅकेज घाला.

होस्टएपीडीची फाईल साधीच आहे: ड्रायव्हर एनएल८०२११, एचडब्ल्यू मोड जी, चॅनल १, डब्ल्यूपीए २, सीसीएमपी (एन्क्रिप्शनची पद्धत). पासफ्रेज ८ ते ६३ अक्षरांचा लागतो. नेटवर्क आपोआप जोडणाऱ्या नेटवर्कमॅनेजरला हे इंटरफेस आधीच अनमॅनेज्ड (हात न लावण्याचे) करून ठेवा, नाहीतर तो मध्येच ताबा घेतो आणि ड्रायव्हर मोड बदलता येत नाही अशी चूक दिसते. आरएफकिलचा (रेडिओ बंद ठेवणाऱ्या स्विचचा) अडथळा असला तर तोही काढा.

आता अडलं कुठे ते. होस्टएपीडी डब्ल्यूलॅन० वर, सप्लिकंट डब्ल्यूलॅन१ वर. डब्ल्यूलॅन० ला १९२.१६८.५०.१ आणि डब्ल्यूलॅन१ ला १९२.१६८.५०.२ हा आयपी पत्ता दिला. पिंग लगेच चाललं. मग डब्ल्यूपीए सीएलआयमधून (सप्लिकंटला आज्ञा देण्याच्या साधनातून) डिसकनेक्ट दिलं, आणि पिंग तरीही चालूच! आधी मला वाटलं, सप्लिकंट गुपचूप परत जोडला जातोय. लॉग चाळले, पासफ्रेज चुकीचा देऊन पाहिला, तरी उत्तर येतच होतं. एचडब्ल्यूसिम० वर बीकन (ॲक्सेस पॉइंटच्या 'मी इथे आहे' अशा फ्रेम) दिसत होते, डेटा फ्रेम मात्र एकही नाही.

दोन्ही पत्ते एकाच मशीनचे, एवढंच कारण. आपल्याच पत्त्याकडे निघालेलं पॅकेट कर्नल लूपबॅकवरून (एलओ या मशीनच्या आतल्याच इंटरफेसवरून) परत फिरवतो, रेडिओकडे पाठवतच नाही. 'आयपी रूट गेट १९२.१६८.५०.२' विचारा, उत्तरात 'लोकल' आणि 'डेव्ह एलओ' दिसेल. ही तपासणी मी पहिल्या तासात करायला हवी होती. पिंगला इंटरफेसचं नाव देऊनही भागत नाही, कारण पलीकडे पोचलेलं पॅकेट आपल्याच पत्त्यावरून आलेलं दिसलं की कर्नल ते टाकून देतो.

यावर उपाय म्हणजे एक रेडिओ वेगळ्या नेटवर्क नेमस्पेसमध्ये (त्याच मशीनवरच्या स्वतंत्र नेटवर्क कप्प्यात) नेणं. 'आयपी नेटएनएस ॲड बोट' इथपर्यंत ठीक. मग सवयीने 'आयपी लिंक सेट डब्ल्यूलॅन१ नेटएनएस बोट' दिलं की 'इनव्हॅलिड आर्ग्युमेंट'. इथर्नेटला हीच आज्ञा चालते, म्हणून चूक आपल्या टायपिंगमध्येच असणार असं वाटत राहतं. टायपिंग बरोबरच असतं. वायफायचा इंटरफेस एकटा हलत नाही, त्याच्या खालचा फाय, म्हणजे रेडिओच, हलवावा लागतो: 'आयडब्ल्यू फाय फाय१ सेट नेटएनएस नेम बोट'. आयडब्ल्यू (वायफायच्या आज्ञा देण्याचं साधन) जुनं असेल तर नावाऐवजी पीआयडी (प्रोसेसचा क्रमांक) लागतो. मग त्या नेमस्पेसमध्ये एखादा लांबलचक स्लीप चालू ठेवून त्याचा पीआयडी द्या.

हलवल्यावर इंटरफेस बंद होतो आणि पत्ता जातो. पत्ता परत द्या, इंटरफेस अप करा. सप्लिकंटही त्या नेमस्पेसच्या आतूनच सुरू करायचा. एवढं झाल्यावर पिंग केलं की एचडब्ल्यूसिम० वर डेटा फ्रेम वाहू लागतात, सीसीएमपीने बांधलेल्या. त्या पहिल्यांदा दिसल्या तेव्हा खरंच हायसं वाटलं.

हे आधी सांगायला हवं होतं: फाय हलवण्यापूर्वी तो खोटाच आहे याची खात्री करा. '/सिस/क्लास/आयईईई८०२११/फाय१/डिव्हाइस/ड्रायव्हर' ही लिंक कुठे जाते ते पाहा. लॅपटॉपचं खरं कार्ड नेमस्पेसमध्ये गेलं आणि तुम्ही त्याच वायफायवरून दुसऱ्या गावातून एसएसएच केलेलं असेल, तर मशीनपाशी जाण्यावाचून गत्यंतर नाही.

बोट लांब गेल्याचं दाखवायला डिबगएफएसमध्ये (कर्नलच्या तपासणीसाठीच्या फाईलव्यवस्थेत) त्या फायच्या एचडब्ल्यूसिम फोल्डरात 'ग्रुप' नावाची फाईल आहे. दोन रेडिओंच्या ग्रुपमध्ये एकही बिट समान नसेल तर ते एकमेकांना ऐकत नाहीत. मूळ किंमत १ असते. बोटीच्या रेडिओला २ लिहिलं की जेटी गायब, परत १ लिहिलं की बोट धक्क्याला. बीकन साधारण दर १०२.४ मिलिसेकंदांनी येतो. ७ चुकले की मॅक८०२११ (कर्नलमधला वायफायचा भाग) आधी ॲक्सेस पॉइंटला चाचपतं आणि उत्तर नसेल तर जोडणी सोडतं. हळूहळू विरणारा सिग्नल हवा असेल तर डब्ल्यूमीडियमडी हा हवेचं माध्यम भासवणारा प्रोग्राम लावा आणि दुव्याचा एसएनआर (सिग्नल आणि गोंगाटाचं प्रमाण) उतरवत न्या. ते नसताना सिग्नल फार गोड असतो, २० डीबीएम पॉवरला ठरलेला उणे ३० डीबीएम.

५ गिगाहर्ट्झवर ॲक्सेस पॉइंट उठत नसेल तर 'आयडब्ल्यू रेग सेट आयएन' (भारताचे रेडिओ नियम लावणारी आज्ञा) द्यायचं राहिलंय का ते पाहा. एसएसआयडी देवनागरीत ठेवता येतो, पण मर्यादा ३२ बाइटची आहे आणि यूटीएफ-८ मध्ये आपलं प्रत्येक चिन्ह, काना-मात्रेसकट, ३ बाइट घेतं. 'रत्नागिरी' २७ बाइटांत बसतं, 'सिंधुदुर्गनगरी' ४२ होऊन अडकतं.

एचडब्ल्यूसिम स्वतःच एक ड्रायव्हर आहे, त्यामुळे तुमच्या ड्रायव्हरची एकही ओळ इथे चालत नाही. डीएमए, इंटरप्ट, फर्मवेअर, कार्डावरचं एन्क्रिप्शन, यातलं काहीच तपासलं जात नाही. म्हणून तीच स्क्रिप्ट खऱ्या कार्डावरही चालवा. इथे पास आणि तिथे नापास असेल तर आधी ड्रायव्हर किंवा फर्मवेअर धुंडाळा. दोन्हीकडे नापास असेल तर आधी होस्टएपीडीची फाईल उघडा. स्क्रिप्टमध्ये फाय१ हे नाव मात्र कायमचं लिहू नका. मॉड्यूल काढून पुन्हा चढवलं की आकडा पुढे सरकतो आणि तोच रेडिओ फाय३ म्हणून उठतो.